प्रभाग रचनेवर हरकत कशी घ्यावी: मसुद्यापासून सुनावणीपर्यंत

प्रभाग रचनेवर हरकत घेताना सगळ्यात आधी अंगावर येते ती मुदत. २०२५ मध्ये जिल्हा परिषदांच्या गट-गणांचा (गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, गण पंचायत समितीचा) मसुदा १४ जुलैला प्रसिद्ध झाला आणि हरकती द्यायची शेवटची तारीख होती २१ जुलै. पुणे आणि मुंबई महापालिकांना २२ ऑगस्ट ते ४ सप्टेंबर असे दोन आठवडे मिळाले, पण मध्येच गणपती आले. एवढ्या वेळात नकाशा मिळवायचा, आकडे तपासायचे, हद्दीवरून पायी फिरायचे आणि अर्ज लिहायचा. पहिले चार दिवस संतापात आणि एकमेकांना नकाशाचे फोटो पाठवण्यात गेले, तर हातून उतरतो तो एक मोघम कागद: ‘आमच्या भागावर अन्याय झाला असून रचना बदलावी.’ असा अर्ज निकाली काढायला एक ओळ पुरते.

टिकते ती हरकत, जिच्यासोबत आकडे जुळणारी सूचना असते. प्रभागाची रेघ एका जागची पुसली की ती दुसरीकडे ओढावीच लागते, आणि तुमच्या वस्तीतून बाहेर काढलेली माणसे कुठल्या तरी प्रभागात धरावीच लागतात. ती कुठे धरायची, हे तुम्ही सांगितले नाही तर अधिकाऱ्याने तुमच्यासाठी ते शोधत बसावे अशी अपेक्षा ठेवू नका. त्याच्यासमोर शेकडो अर्ज असतात.

आधी तक्रार कोणत्या टप्प्याची आहे ते ओळखा

निवडणुकीपूर्वी तीन वेगवेगळ्या गोष्टी होतात आणि तिन्हींवर वेगवेगळ्या वेळी हरकती मागवतात. पहिली प्रभाग रचना, म्हणजे हद्दी. दुसरी आरक्षणाची सोडत, म्हणजे कोणती जागा महिला, अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती किंवा मागास प्रवर्गासाठी. तिसरी प्रभागनिहाय मतदार यादी, जी विधानसभेची यादी फोडून तयार होते. ‘माझे नाव शेजारच्या प्रभागात गेले’ ही तिसऱ्या टप्प्याची तक्रार आहे. ‘आमचा प्रभाग राखीव का’ ही दुसऱ्या टप्प्याची. या दोन्ही तक्रारी हद्दींच्या हरकतींत घातल्या तर ‘विषयाशी संबंधित नाही’ असा शेरा मारून बाजूला पडतात, आणि त्यांच्या टप्प्यावर पुन्हा अर्ज करायचे माणूस विसरतो. चांगल्या अर्जांचाही या गोंधळात बळी जातो.

एक अपवाद लक्षात ठेवा. अनुसूचित जाती किंवा जमातीची वस्ती दोन प्रभागांत चिरली गेली असेल, तर त्याचा परिणाम पुढे आरक्षणावर होतो, कारण या जागा लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने ठरतात. ही वस्ती तोडल्याची हरकत मात्र हद्दींच्याच टप्प्यावर घ्यायची. सोडत निघाल्यावर तिचा उपयोग नसतो.

मसुद्याचे तीन भाग, तिन्ही घ्या

मसुदा म्हणजे फक्त नकाशा नव्हे. प्रत्येक प्रभागासाठी तीन गोष्टी असतात: नकाशा, उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा चारही बाजूंच्या सीमांचे शब्दांतले वर्णन आणि व्याप्ती (प्रभागात येणाऱ्या वस्त्यांची नावे), आणि लोकसंख्येचा तक्ता, ज्यात एकूण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती असे वेगळे आकडे असतात. संकेतस्थळावर टाकलेला नकाशा बऱ्याचदा इतक्या कमी दर्जाचा असतो की गल्लीची नावे वाचता येत नाहीत. अशा वेळी महापालिकेच्या निवडणूक शाखेत किंवा क्षेत्रीय कार्यालयात लावलेला मोठा नकाशा प्रत्यक्ष पाहा आणि आपल्या हद्दीचा भाग जवळून टिपा.

याशिवाय चौथी गोष्ट मागायची, आणि खरी चावी तीच आहे: प्रभागात समाविष्ट केलेल्या प्रगणक गटांची यादी. जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाला जेवढी घरे वाटून दिली जातात तो प्रगणक गट. २०११ च्या जनगणनेत असा एक गट साधारण ६०० ते ८०० लोकसंख्येचा होता, आणि प्रत्येकाचा नजरी नकाशा, म्हणजे हाताने काढलेला ढोबळ नकाशा, आहे. प्रभाग म्हणजे या विटा रचून बांधलेली भिंत. तुमची सोसायटी किंवा चाळ कोणत्या गटात येते हे कळले, की कोणती वीट काढून कुठे बसवायची हे नेमके सांगता येते. यादी मसुद्यासोबत लावली नसेल तर पहिल्याच दिवशी लेखी मागणी करा आणि कार्यालयात जाऊन पाहू द्या असे म्हणा. माहिती अधिकारात अर्ज टाकून थांबू नका. त्याला ३० दिवसांची मुदत असते आणि तुमच्या हाती तेवढे दिवस नाहीत.

गणित: कागदावर पाच मिनिटांचे काम

सूत्र असे: शहराची एकूण लोकसंख्या भागिले एकूण सदस्यसंख्या, गुणिले त्या प्रभागातील सदस्यसंख्या. ही झाली प्रभागाची सरासरी. तिच्या १० टक्के कमी किंवा जास्त एवढी मोकळीक असते. त्याबाहेर जायचे तर कारण नोंदवावे लागते.

उदाहरण घेऊ. समजा शहराची लोकसंख्या ४,५०,००० आणि सदस्य ७५. एका सदस्यामागे ६,०००. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी २४,०००, म्हणून किमान २१,६०० आणि कमाल २६,४००. ७५ ला चारने पूर्ण भाग जात नाही. १८ प्रभाग चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा. त्या तीनच्या प्रभागाची सरासरी वेगळी, १८,०००, आणि मर्यादा १६,२०० ते १९,८००. ‘शेजारच्या प्रभागाची लोकसंख्या आमच्यापेक्षा सहा हजारांनी कमी, हा अन्याय’ अशा हरकतींमागे अनेकदा हा तीन सदस्यांचा प्रभाग असतो. तक्त्यातील सदस्यसंख्येचा रकाना पाहिल्याशिवाय तुलना करू नका.

मुंबईत मात्र २२७ प्रभागांतून प्रत्येकी एकच सदस्य निवडला जातो. नगरपंचायतीत १७ प्रभाग, तेही एकसदस्यीय. नगरपरिषदेत साधारणपणे दोन सदस्यांचा प्रभाग. सूत्र सगळीकडे तेच.

लोकसंख्या कोणती धरायची यावर दरवेळी वाद होतो. कायद्यानुसार आकडे प्रसिद्ध झालेली शेवटची जनगणना धरायची, म्हणून आजवर २०११. ‘आमच्याकडे २०११ नंतर वीस टॉवर उभे राहिले, लोकसंख्या दुप्पट झाली’ हे खरे असू शकते आणि ते त्रासदायकही आहे, पण या आधारावर हद्द बदलण्याचा अधिकार सुनावणी घेणाऱ्याला नाही. मतदारांची संख्या पुढे करूनही काही होत नाही. रचना लोकसंख्येवर होते, मतदारांवर नाही. हे दोन मुद्दे अर्जातून काढले तर उरलेला अर्ज जास्त वजनदार होतो.

नव्याने हद्दीत आलेल्या गावांकडे मात्र बारकाईने पाहा. पुणे महापालिकेत २०२१ साली २३ गावे आली, तशी जिथे गावे आली आहेत तिथे त्यांची २०११ ची लोकसंख्या ग्रामीण तक्त्यात असते. जिल्हा जनगणना पुस्तिकेत गावाचा आकडा मिळतो. तो मसुद्यातील आकड्यांशी ताडून बघा. एखादे गाव दोन प्रभागांत विभागले असेल तर दोन्हीकडच्या तुकड्यांची बेरीज गावाच्या एकूण लोकसंख्येइतकी यायलाच हवी.

हद्दीवरून पायी चाला

नकाशे उपग्रह चित्रावर आखलेले असतात. वरून दिसणारी रेघ आणि जमिनीवरचे कुंपण यांत फरक पडतो, आणि हरकतींचा सगळ्यात भक्कम माल याच फरकात सापडतो. सीमांचे वर्णन छापून हातात घ्या, दोघे-तिघे जा, आणि वाक्यामागून वाक्य वाचत हद्दीवरून चाला. रचनेच्या आदेशात सांगितलेले निकष डोक्यात ठेवा: प्रभाग सलग हवा; हद्द मोठे रस्ते, नद्या, नाले, डोंगर, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल यांना धरून हवी; एक इमारत, चाळ किंवा घर दोन प्रभागांत चिरले जाता कामा नये; प्रगणक गट शक्यतो फोडू नये; वस्तीतले लोक जी शाळा, दवाखाना, मैदान वापरतात ते शक्यतो त्या वस्तीच्याच प्रभागात ठेवावे; लोकांची ये-जा सोयीची हवी.

चालताना नेहमी आढळणाऱ्या चुका अशा. वर्णनात ‘रस्त्याने पूर्वेकडे’ आणि नकाशात रेघ उत्तरेकडे वळलेली. सोसायटीचे अ आणि ब विंग एका प्रभागात, क विंग दुसऱ्यात, कारण रेघ मधल्या अंतर्गत रस्त्यावरून गेली. जुन्या नाल्याला हद्द मानले, पण तो नाला बंदिस्त होऊन त्यावर रस्ता झाला आणि आता कुणाला सापडत नाही. एकाच वस्तीचे नाव दोन प्रभागांच्या व्याप्तीत, किंवा एकाच्याही नाही. रस्त्याचे नाव बदललेले, वर्णनात जुने. शेजारच्या दोन प्रभागांची वर्णने समोरासमोर ठेवा: एकाची पूर्व सीमा ही दुसऱ्याची पश्चिम सीमा असायला हवी, शब्दाला शब्द. तिथे विसंगती असेल तर ती बहुधा मान्य होते, कारण ती दुरुस्त केल्याने कुणाचे गणित बिघडत नाही.

प्रत्येक ठिकाणी फोटो काढा, ठिकाणाची खूण लिहा, आणि नकाशाच्या प्रतीवर त्या जागी क्रमांक घाला. हाच क्रमांक पुढे अर्जात वापरायचा.

कोणता मुद्दा किती चालतो

निकषाचा थेट भंग सगळ्यात पुढे: लोकसंख्या मर्यादेबाहेर आणि कारण नोंदवलेले नाही, सलगता तुटली, इमारत चिरली. त्यानंतर नकाशा आणि वर्णनातली विसंगती. मग नैसर्गिक हद्द सोडल्याचा मुद्दा; इथे ‘मुख्य रस्ता सोडून हद्द विनाकारण गल्लीत शिरते आणि ३०० मीटरवर पुन्हा मुख्य रस्त्यावर येते’ अशा शब्दांत लिहा. दळणवळणाचा मुद्दाही चालतो, पण मोजमापासह: रेल्वेरुळांच्या पलीकडे जायला कुठला भुयारी मार्ग, किती अंतर.

क्रमांकाची तक्रारही कधीकधी असते. शहरांत प्रभागांची सुरुवात उत्तरेकडून होते, तिथून ईशान्येकडे, मग पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेत. क्रमांकही त्याच क्रमाने. क्रम मोडला असेल तर ते दाखवता येते, पण नुसते ‘आमचा जुना क्रमांकच हवा’ हे कारण पुरत नाही. प्रभागाच्या नावाबद्दलची सूचना वेगळी लिहा. ती हद्दीच्या अर्जात मिसळली की दोन्हींचा जोर ओसरतो.

राजकीय हेतूचा आरोप अर्जात घालू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तो खरा असला तरी. ‘अमुक माजी नगरसेवकाच्या सोयीसाठी हद्द वाकवली’ हे सिद्ध करायची जागा ही सुनावणी नाही, आणि त्या एका वाक्यामुळे बाकीच्या चार बिनतोड मुद्द्यांकडेही राजकीय अर्ज म्हणून पाहिले जाते. वाकलेली रेघ दाखवा, निकष दाखवा, सरळ रेघ कुठून जाऊ शकली असती ते दाखवा. मग कारण सांगण्याची जबाबदारी रचना करणाऱ्यावर येते.

सूचना मांडायची कशी

वरचेच शहर धरू. प्रभाग ७ ची लोकसंख्या २६,१००, प्रभाग ८ ची २२,०००. नाल्याच्या अलीकडची एक वसाहत, सहा प्रगणक गट, एकूण ३,९०० माणसे, प्रभाग ७ मध्ये टाकली आहे. पण तिची शाळा, बाजार, रस्ता सगळे ८ मध्ये. ती हलवली तर ७ मध्ये उरतात २२,२०० आणि ८ मध्ये होतात २५,९००. दोन्ही २१,६०० ते २६,४०० च्या आत. ही सूचना नाकारायला अधिकाऱ्याला ठोस कारण शोधावे लागेल.

आता प्रभाग ८ आधीच २३,५०० चा असता तर? ३,९०० मिळवल्यावर २७,४००, म्हणजे मर्यादेबाहेर. बहुतेक जण इथेच थांबतात आणि अर्ज फेटाळला जातो. अशा वेळी साखळीतली पुढची कडी तुम्हीच सुचवायची: प्रभाग ८ च्या दुसऱ्या टोकाचे दोन प्रगणक गट, १,३०० लोकसंख्येचे, प्रभाग ९ ला लागून आहेत, ९ ची लोकसंख्या २२,९००. ते तिकडे दिले तर ८ होतो २६,१०० आणि ९ होतो २४,२००. तिन्ही प्रभाग आत बसले. मात्र हलवलेले गट ९ ला खरोखर चिकटून आहेत ना, आणि त्यांतल्या लोकांची तीच तक्रार आपण नव्याने तयार करत नाही ना, हे बघणे ही तुमची जबाबदारी. त्या दोन गटांतल्या रहिवाशांशी आधी बोला. त्यांनी विरोधात अर्ज दिला तर तुमची सूचना वादग्रस्त ठरते; त्यांची संमतीची पत्रे जोडली तर तिला दुप्पट बळ येते.

साखळी तीन प्रभागांपलीकडे जाऊ देऊ नका. चार-पाच प्रभाग ढवळणारी सूचना कितीही न्याय्य असली तरी सुनावणीनंतरच्या थोड्या दिवसांत ती कुणी हाती घेत नाही.

आकड्यांसाठी अर्जात छोटा तक्ता द्या: प्रभाग क्रमांक, मसुद्यातील लोकसंख्या, वजा होणारी, मिळवलेली, प्रस्तावित लोकसंख्या, मर्यादेत आहे का. अनुसूचित जाती आणि जमातीच्या लोकसंख्येचेही रकाने ठेवा. त्यात बदल होत असेल तर तो लपवू नका.

अर्जाचा नमुना

साध्या कागदावर, एका अर्जात एकच विषय. दोन पानांपेक्षा मोठा नको.

प्रति: ज्या अधिकाऱ्याकडे हरकती मागवल्या आहेत त्याचे पदनाम, जाहीर सूचनेत असेल तसेच.

विषय: प्रारूप प्रभाग रचनेतील प्रभाग क्र. ७ व ८ यांच्या सीमेबाबत हरकत व सूचना.

संदर्भ: जाहीर सूचनेचा क्रमांक व दिनांक.

‘महोदय, मी प्रभाग क्र. ७ मध्ये समाविष्ट केलेल्या … वसाहतीचा रहिवासी असून माझे नाव विधानसभा मतदारसंघ …, यादी भाग क्र. …, अनुक्रमांक … वर आहे. १) हरकत: प्रगणक गट क्र. … ते … (एकूण लोकसंख्या ३,९००) प्रभाग ७ मध्ये घेतले आहेत. या गटांच्या आणि उर्वरित प्रभाग ७ च्या मध्ये … नाला असून तो ओलांडण्यासाठी एकच पूल … मीटर अंतरावर आहे (नकाशावर खूण १, छायाचित्र १). त्यामुळे नैसर्गिक सीमा आणि दळणवळण यांविषयीचा निकष पाळला गेलेला नाही. २) सूचना: हे सहा गट प्रभाग ८ मध्ये समाविष्ट करावेत व दोन्ही प्रभागांची सामाईक सीमा … नाल्याच्या मध्यातून ठेवावी. ३) परिणाम: सोबतच्या तक्त्याप्रमाणे दोन्ही प्रभागांची लोकसंख्या विहित मर्यादेत राहते. सुनावणीस उपस्थित राहून म्हणणे मांडू इच्छितो.’

खाली नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल क्रमांक, सही. सोबत: खुणा केलेला नकाशा, तक्ता, छायाचित्रे, मतदार ओळखपत्राची प्रत. सीमांचे प्रस्तावित वर्णनही मसुद्याच्याच भाषेत लिहून जोडा, म्हणजे मान्य झाले तर तसेच उचलता येईल.

एकाच मजकुराच्या पाचशे प्रती सह्या घेऊन देण्याची पद्धत आहे. त्या सगळ्या एक विषय म्हणून एकत्र ऐकल्या जातात. त्यापेक्षा एक भक्कम अर्ज, त्याला सह्यांची यादी, आणि शाळा, सोसायटी किंवा बाजार अशा वेगवेगळ्या बाजूंनी अडचण मांडणारे दोन-तीन स्वतंत्र अर्ज अधिक उपयोगी.

दाखल करताना

कुठे द्यायचा ते सूचनेतच असते: महापालिकेत निवडणूक शाखा किंवा क्षेत्रीय कार्यालये, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांचे कार्यालय, जिल्हा परिषदेसाठी जिल्हाधिकारी कार्यालय. ई-मेल चालेल असे स्पष्ट लिहिले नसेल तर कागदच द्या. शेवटच्या तारखेसोबत वेळही वाचा. अर्ज कार्यालय बंद होण्यापर्यंत घेतील असे गृहीत धरू नका. पोस्टाने पाठवायचा तर तो मुदतीत पोहोचायला हवा, नुसता टाकलेला नव्हे.

दोन प्रती न्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. जोडपत्रे किती पानांची ते अर्जावरच लिहा, कारण नकाशा मूळ अर्जापासून सुटून हरवतो आणि सुनावणीत ‘नकाशा जोडलेला नाही’ असे ऐकावे लागते.

सुनावणी

बोलावणे फोनवर, संदेशावर किंवा पत्राने, आणि एक-दोन दिवस आधीच येते. म्हणून मोबाइल क्रमांक चुकवू नका. ठरलेल्या दिवशी हजर नसाल तर कागदावरून निर्णय होतो. एका अर्जाला मोजकी मिनिटे मिळतात. त्यात इतिहास सांगत बसू नका. मोठा छापलेला नकाशा टेबलावर पसरा, मसुद्याची रेघ लाल आणि तुमची हिरवी, बोट ठेवा आणि तीन वाक्ये बोला: चूक कुठे, निकष कोणता, बदलल्यावर आकडे किती. मग थांबा. प्रश्न विचारले तर उत्तर द्या.

रचना करणाऱ्या कार्यालयाचा प्रतिनिधी तिथे बसलेला असतो आणि त्याचा अभिप्राय आधीच तयार असतो. बहुधा तो ‘प्रगणक गट फोडावा लागेल’ किंवा ‘लोकसंख्येचे संतुलन बिघडेल’ असा असतो. तुमच्याकडे गटांचे क्रमांक आणि तक्ता असेल तर याचे उत्तर जागच्या जागी देता येते. घोषणा देत गर्दीने आत शिरणे टाळा. एक बोलणारा आणि एक कागद पुढे करणारा एवढे पुरते. सुनावणीत नवीन मुद्दा सुचला तर तो लेखी देऊन पोच मागा.

गट आणि गण

ग्रामीण भागात विटा वेगळ्या: इथे गावे आणि ग्रामपंचायती मोजायच्या. जिल्हा परिषदेत ५० ते ७५ सदस्य असतात. आधी तालुक्याला लोकसंख्येच्या प्रमाणात गट ठरतात, मग प्रत्येक गटाचे दोन गण पडतात, जे पंचायत समितीसाठी असतात. २०२५ मध्ये मसुदा जिल्हाधिकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, हरकती त्यांच्याकडे गेल्या आणि त्यांवरचा निर्णय विभागीय आयुक्तांनी दिला.

पहिली तपासणी वजाबाकीची. २०११ नंतर तालुक्यात नगरपंचायत झाली असेल किंवा गावे शहरात गेली असतील, तर ती लोकसंख्या ग्रामीण बेरजेतून गेली आहे का? इथली चूक एका गटापुरती राहत नाही, अख्ख्या तालुक्याची गटसंख्या बदलते.

दुसरी तपासणी अंतराची. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन गावांमध्ये धरणाचे पाणी किंवा डोंगर असतो, आणि सरळ रेषेत तीन किलोमीटरवरचे गाव रस्त्याने वीस किलोमीटर पडते. रस्त्याने मोजलेले अंतर, एसटी कोणत्या गावावरून जाते, पावसाळ्यात कोणता पूल पाण्याखाली असतो, हे सगळे लिहा. ग्रामपंचायतीचा ठराव जोडा. गट ग्रामपंचायतीतली (अनेक गावांची मिळून एक ग्रामपंचायत) गावे दोन गणांत गेली असतील तर तो मुद्दा वेगळा आणि ठळक मांडा. गणाला गावाचे नाव देताना सगळ्यात मोठे गाव डावलले असेल, तर २०११ चे आकडे देऊन तेवढेच मागा.

निर्णयानंतर

२०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर प्रभाग रचनेचा मसुदा करण्याचे काम राज्य शासनाकडे आहे. शहरांच्या रचनेला अंतिम मान्यता राज्य निवडणूक आयोगाची लागते. अंतिम रचना प्रसिद्ध झाली की त्याच दिवशी आपल्या प्रभागाचे वर्णन मसुद्याशी ओळीने ताडा. कधी मागणी मान्य होते पण नकाशात बदल होतो आणि वर्णन जुनेच राहते. हे तातडीने लेखी कळवा.

हरकत फेटाळली तर तिच्यावरचा अभिप्राय, सुनावणीची नोंद आणि निर्णयाची प्रत माहितीच्या अधिकारात मागा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर, न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

न्यायालयाचा रस्ता अरुंद आहे आणि त्यावर पाऊल टाकण्याआधी ते माहीत असावे. घटनेचे अनुच्छेद २४३-ओ आणि २४३-झेडजी मतदारसंघांच्या सीमांकनाच्या कायद्यांना न्यायालयात आव्हान देण्यास मनाई करतात. निवडणूक प्रक्रिया सुरू झाल्यावर मध्येच हस्तक्षेप न करण्याची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पोन्नुस्वामी प्रकरणापासून घेतली आहे. लोकसभा-विधानसभेच्या सीमांकनाबाबत २०२४ च्या किशोरचंद्र राठोड प्रकरणात मात्र न्यायालयाने म्हटले की सीमांकनाचा आदेश उघडपणे मनमानी असेल तर न्यायालयीन तपासणीला पूर्ण मज्जाव नाही. म्हणजे ‘दुसरी रेघ जास्त चांगली’ एवढ्यावर याचिका उभी राहत नाही. हरकत मुदतीत दिली होती, निकषाचा भंग दाखवला होता आणि त्यावर विचारच झाला नाही, हे कागदांनी दाखवता आले पाहिजे. उशीर झाला तर तेवढ्यावरही याचिका पडते. वकिलाकडे जाताना पोच असलेली प्रत, सुनावणीची तारीख आणि निर्णय, तिन्ही हातात ठेवा.

लोकसभा आणि विधानसभेच्या मतदारसंघांसाठी यंत्रणा वेगळी असते. मागचे सीमांकन २००२ च्या कायद्याखाली, २००१ च्या जनगणनेवर झाले आणि २००८ पासून लागू झाले. त्यात सीमांकन आयोग आपले प्रस्ताव राजपत्रात छापून हरकती मागवतो, खासदार-आमदार असलेले सहयोगी सदस्य वेगळे मत असल्यास ते प्रस्तावासोबत प्रसिद्ध करायला लावू शकतात, आणि मग जाहीर बैठका होतात. निकष ओळखीचे आहेत: सलग आणि आटोपशीर क्षेत्र, भौगोलिक स्वरूप, प्रशासकीय हद्दी, दळणवळण, लोकांची सोय. विटा मात्र मोठ्या असतात, त्यामुळे तालुका, महसूल मंडळ, तलाठी सजा यांच्या हद्दी आणि लोकसंख्या हाताशी ठेवून सूचना करावी लागते.

आपली संचिका फेकू नका. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तिचे आकडे आले की प्रगणक गट नव्याने पडलेले असतील आणि २०११ चे क्रमांक निरुपयोगी ठरतील. हद्दीचे फोटो, अंतरे, नाले-पूल आणि शाळा-दवाखान्यांच्या नोंदी मात्र तशाच लागतील. नवे प्रगणक गट आणि त्यांचे नजरी नकाशे उपलब्ध होताच त्यांवर या नोंदी उतरवून घ्या, मसुदा येण्याची वाट न पाहता.